कोकणातनं चंद्रावर जायचंय? मग आधी हे वाचा

मागच्या जूनमधे मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, आणि भाचा पडवीत येऊन विचारतो, मामा अॅस्ट्रॉनॉट व्हायला कुठला क्लास लावायचा? गुहागरला नववीत आहे. मी म्हटलं क्लासचं नाव काढू नको, कारण आदल्या वर्षी मीच त्याला शहरात एका तीन दिवसांच्या 'अंतराळवीर कॅम्प'ला घातलेलं, भरपूर पैसे गेले आणि मिळालं काय, तर एक टीशर्ट, एक सर्टिफिकेट आणि गोल फिरणारी खुर्ची. तसली खुर्ची जत्रेत वीस रुपयात मिळते.

तर खरा रस्ता काय. आधी नासाचं खूळ डोक्यातनं काढा, तिथे अंतराळवीर व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, आणि ते असलं तरी २०२४ च्या भरतीत आठ हजारांवर अर्ज आले आणि घेतले दहा. आपल्याकडे गगनयानसाठी, म्हणजे भारताच्या स्वतःच्या यानातनं माणूस अंतराळात पाठवायच्या मोहिमेसाठी, निवडलेले चौघंही, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशु शुक्ला, हवाई दलाचे टेस्ट पायलट, म्हणजे नवीन विमानं उडवून तपासणारे. म्हणजे आजच्या घडीला दरवाजा हवाई दलातनंच आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठेवायचं, एनडीएची, म्हणजे पुण्याजवळच्या सैन्यदलाच्या अकादमीची, परीक्षा द्यायची (वर्षातनं दोनदा असते, आणि २०२२ पासून मुलीपण एनडीएत आहेत, तेव्हा "पोरीला कशाला" म्हणणाऱ्या आत्यांना हे सांगा). लेखीत गणिताला ३०० मार्क, जनरलला ६००, मग एसएसबीचे, म्हणजे सैन्यदलाच्या मुलाखतीचे, ९००. यात एक गोष्ट पोरांना कोणी सांगत नाही, पायलटची जी मशीनवरची टेस्ट असते, सीपीएसएस, ती आयुष्यात एकदाच. नापास झालात की हवाई दलाचा पायलट व्हायचा विषय संपला, म्हणून "बघू, अनुभव घेऊन येऊ" म्हणत जाऊ नका, तयारीने जा.

एनडीए हुकलं तर ग्रॅज्युएशननंतर एएफकॅट किंवा सीडीएस या अधिकारी भरतीच्या परीक्षा आहेत. पुढे काही वर्षं विमान उडवायचं, मग बंगळुरूला टेस्ट पायलटचा कोर्स, आणि मग कधीतरी निवड, तीपण बंगळुरूलाच, एअरोस्पेस मेडिसिनच्या इन्स्टिट्यूटमधे शरीराचा कण न् कण तपासून. शुक्ला २००६ ला हवाई दलात गेला आणि २०२५ च्या जूनमधे स्पेस स्टेशनवर. एकोणीस वर्षं. आंब्याचं कलम बरं, पाच वर्षात फळ देतं.

पण चंद्राचं गणित थोडं वेगळं आहे असं मला वाटतं. इस्रोचं टार्गेट २०३५ पर्यंत स्वतःचं स्टेशन आणि २०४० पर्यंत चंद्रावर माणूस. आत्ता नववीतलं पोर तेव्हा तिशीच्या आसपास असेल. आणि तिथे नुसतं झेंडा लावून फोटो काढायला जायचं नाहीये, सगळ्यांचा डोळा दक्षिण ध्रुवावर आहे, कारण तिथल्या काही खड्ड्यांत कधीच ऊन पडत नाही आणि बर्फ टिकून आहे, म्हणजे पाणी, आणि पाण्यातनं ऑक्सिजन आणि इंधनसुद्धा. तो बर्फ शोधायला, दगड ओळखायला नुसता पायलट पुरणार नाही. आजपर्यंत चंद्रावर चाललेल्या बारा माणसांत खरा भूशास्त्रज्ञ एकच, हॅरिसन श्मिट, तोही डिसेंबर १९७२ च्या शेवटच्या अपोलोत. त्या चंद्राच्या धुळीने त्याला शिंका आल्या, नाक चोंदलं, म्हणजे आपल्याकडे भात झोडताना होतं तसंच. त्यामुळे उडवायची आवड नसेल तर जिऑलॉजीचा विचार करा, चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या दगडाचे आहेत आणि आपला सह्याद्रीपण बेसॉल्टचाच, शाळेच्या मागच्या डोंगरावर जाऊन सुरुवात करता येते. लोणारचं विवर तर बेसॉल्टमधेच झालेलं, शास्त्रज्ञ चंद्राचा अभ्यास करायला तिथे जातात.

आता घरबसल्या काय करायचं. एक, पोहणं. बंदरावर राहून पोहता न येणारी पोरं मी बघितलीत, लाज वाटते. गगनयानची कुपी समुद्रातच उतरणारे आणि नौदल ती उचलणारे, नासातपण उमेदवाराला फ्लाइट सूट आणि बूट घालून पोहायला लावतात. दोन, इस्रोचा युविका प्रोग्रॅम, नववीच्या मुलांसाठी, गावातल्या शाळेतल्या मुलांना त्यात जादा गुण मिळतात, तेव्हा साईटवर नजर ठेवा, सरांच्या भरवशावर राहू नका. तीन, चंद्राशी ओळख. आजोबांना विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, पंचमीला पावणेचार, हे त्यांना तोंडपाठ असतं. का येते ते चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा का उगवतो इथनं सुरू करून स्वतः काढून बघा, वहीत लिहा, आठवडाभर धक्क्यावर जाऊन ताडून बघा.

आणि भाच्याचा शेवटचा प्रश्न, "मामा मला बोट लागते, मग मी बाद ना?" नाही रे. अंतराळात गेल्यावर निम्म्याहून जास्त जणांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र आणि डोळे यांचं जुळत नाही म्हणून, आणि जमिनीवर ज्याला बोट लागते त्यालाच तिथे त्रास होतो असंही नाही. एक ऑगस्टला बंदी उठली की त्याला काकाच्या होडीत पाठवणारे, बादली सोबत देऊन.