पेनीवर हेन्री दिसला म्हणून ती हेन्रीची ठरवू नका: या चुका टाळा

इंग्लंडच्या मध्ययुगीन चांदीच्या पेनीवर साल नसतं. म्हणून नवशिका आधी राजाचं नाव वाचतो, त्याची कारकीर्द शोधतो आणि तीच तारीख पाकिटावर लिहून मोकळा होतो. सगळा घोळ इथेच सुरू होतो.

शॉर्ट क्रॉस पेनी घ्या. मागे दुहेरी रेघांचा आखूड क्रूस, पुढे ‘हेन्रिकस रेक्स’. ही नाणी ११८० ते १२४७ या काळात पाडली गेली. दुसरा हेन्री ११८९ मध्ये वारला. पुढे रिचर्ड आला, जॉन आला, नाण्यावर मात्र हेन्रीच राहिला. १२१६ मध्ये तिसरा हेन्री गादीवर बसला तेव्हा कुठे नाव आणि राजा पुन्हा जुळले. आपल्याला यात नवल वाटायला नको. पेशवाईतल्या कितीतरी रुपयांवर शाह आलमचं नाव आहे, म्हणून ते दिल्लीच्या टांकसाळीतले ठरत नाहीत.

या नावाने भल्याभल्यांना चकवलं आहे. एकोणिसाव्या शतकात ही नाणी दुसऱ्या हेन्रीची की तिसऱ्याची, यावर अभ्यासकांचा वाद चालू होता. रिचर्ड आणि जॉन यांच्या नावाच्या इंग्लिश पेनी का सापडत नाहीत, हेही कोडंच होतं. त्या सगळ्यांच्या संग्रहात पडून होत्या, हेन्रीच्या नावाने. १८६५ मध्ये इंग्लिश नाणे-अभ्यासक जॉन इव्हान्स यांनी चेहरा, केसांची वळणं, अक्षरांची घडण आणि टंककारांची, म्हणजे नाणी पाडणाऱ्यांची, नावं ताडून त्यांचे गट पाडले, तेव्हा गुंता सुटला. आज शॉर्ट क्रॉसचे आठ वर्ग मानतात.

म्हणून आधी नाणं पालथं करा. दहापट भिंग घ्या, दिवा एका बाजूने तिरका धरा आणि घड्याळातल्या बाराच्या जागेपासून अक्षरं कागदावर उतरवा. पुसलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाजाने अक्षर भरू नका. मधल्या ‘ऑन’चा अर्थ ‘येथे’: त्याच्या आधी टंककाराचं नाव, नंतर टांकसाळीचं गाव. ‘एव्हरविक’ म्हणजे यॉर्क. ‘निकोल’ हे ‘ऑन’च्या नंतर आलं तर लिंकन, आधी आलं तर माणूस. मग पुढची बाजू पाहा. डोक्याच्या डावीकडे दोन वळणं, उजवीकडे पाच आणि मुकुटात पाच मोती, ही पहिल्या वर्गाची नेहमीची खूण. ‘हेन्रिकस’मधला एस उलटा असेल, तर १२०५ ची, म्हणजे जॉनच्या काळातली नवी टांकणी आधी तपासा. हे सगळं करायला अर्धा तास लागतो. तेवढा धीर नसेल तर वर्ग लावायलाच बसू नये.

दुसरा हट्टी गैरसमज एडवर्डचा. ‘ई-डी-डब्ल्यू’ असेल तर पहिला एडवर्ड, पुढे ‘ए’ दिसला की दुसरा. पाठ करायला सोपं आहे, म्हणून पसरलं. प्रत्यक्षात लांब नाव एडवर्डच्या पेनींच्या (त्यांचे वर्ग वेगळे) दहाव्या वर्गात, १३०१ च्या सुमाराला येतं आणि पहिला एडवर्ड जुलै १३०७ मध्ये वारला. म्हणजे जवळपास सहा वर्षांची नाणी हा नियम मुलाच्या खात्यावर टाकतो. दहावा वर्ग तर १३१० पर्यंत चालला, दोघांच्याही कारकिर्दीत.

एडवर्डची पेनी डरहॅमच्या टांकसाळीतली असेल तर तिथल्या बिशपची खूण शोधा, ती नावापेक्षा पक्की. अक्षरांच्या सुरुवातीला टोकं दुभंगलेला क्रूस असेल, तर बिशप बेक, म्हणजे १३११ पर्यंत. मागच्या क्रूसाचं एक टोक बिशपच्या दंडासारखं वळलेलं असेल, तर केलॉ, १३११ ते १३१६. सिंह असेल, तर बोमाँ, १३१७ नंतरचा.

वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर करा, पण ते एकाच दिशेने पुरावा देतं. पहिल्या एडवर्डची पेनी सुमारे १.४४ ग्रॅमची, १३५१ नंतरची १.१७ ची. एडवर्डच्या नावाची १.३८ ग्रॅमची पेनी १३५१ नंतरची धरू नका. १.१ ग्रॅमची मात्र, चांदी काढून घ्यायला कड कातरलेली जुनीही असू शकते. कडेची अक्षरं अर्धी उडाली आहेत का, ते बघा.

विल्यमच्या नाण्यावर ‘पिलेल्म’ वाचू नका. पी-सारखं दिसणारं ते अक्षर जुन्या इंग्रजीतलं ‘व’ आहे.

क्रूसाच्या रेघेवर सरळ कापलेली अर्धी पेनी तुटकी नसते. गोल हाफपेनी १२८० पासून नेमाने पडू लागली, तोवर सुटे करायचे म्हणजे पेनीच कापायची.

एडवर्डच्या पेनीसारख्या नाण्यावर डोक्यावर मुकुटाऐवजी गुलाबांची माळ असेल, तर ती समुद्रापलीकडची नक्कल.

देव्हाऱ्यातल्या चांदीला लावता तशी टूथपावडर तर नाण्याला कधीच लावू नका. वळणं आणि अक्षरांच्या कडा झिजल्या की वर्ग ओळखायला काही उरत नाही.

आणि पाकिटावर राजा लिहायची घाई नको. वर्ग, टांकसाळ, टंककार, वजन, सापडल्याची जागा, या क्रमाने लिहा. वर्ग लागला नाही तर ‘शॉर्ट क्रॉस, ११८०–१२४७’ एवढंच लिहा, तेही पेन्सिलीने.