पर्यावरण संस्थेसाठी ग्राफिक डिझाइनचे काम कसे करावे

पर्यावरणासाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि बहुधा तीच त्यांची अडचण ठरते. वर्षानुवर्षे ठेवलेल्या पक्ष्यांच्या नोंदी, पाण्याच्या तपासण्यांचे निष्कर्ष, सरकारशी झालेला पत्रव्यवहार हे सारे एकाच पत्रकात बसवण्याचा मोह होतो आणि वाचणारा दुसऱ्या ओळीपर्यंतही पोहोचत नाही. डिझायनरची खरी मदत इथे होते. काय वगळायचे, आधी काय दिसायचे आणि पाहणाऱ्याला कोणत्या कृतीपर्यंत न्यायचे, हे तो संस्थेबरोबर बसून ठरवू शकतो.

आधी कृती ठरवा

संगणक उघडण्यापूर्वी संस्थेला एकच प्रश्न विचारावा: हे पाहून नेमके कोणी, नेमके काय करावे? ‘जनजागृती व्हावी’ हे उत्तर पुरेसे मानू नये. नदीकाठच्या रहिवाशाने सांडपाण्याचा नाला दिसताच तक्रार नोंदवावी, लोकप्रतिनिधीने सुनावणीला यावे, देणगीदाराने दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, अशी उत्तरे मिळेपर्यंत बोलत राहावे. या तिघांसाठी तीन वेगळी साहित्ये लागतात, आणि प्रत्येकात एकाच कृतीला जागा असावी. संपर्क क्रमांक किंवा क्यूआर कोड कोपऱ्यात न ढकलता मुख्य वाक्याच्या लगेच खाली ठेवावा.

चिन्ह साधे आणि प्रामाणिक ठेवा

बोधचिन्ह हवे असेल तर ते संस्थेच्या प्रत्यक्ष कामातून शोधावे. हिरवे पान आणि दोन तळहातांवरची पृथ्वी इतक्या ठिकाणी वापरली गेली आहे की त्यांवरून कोणतीही एक संस्था ओळखू येत नाही. माळरानावर काम करणाऱ्यांनी त्या माळावरचाच एखादा पक्षी किंवा गवताचा तुरा घ्यावा. वन्यजीव संरक्षणाचे काम करणाऱ्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाची स्थापना १९६१ मध्ये झाली, तेव्हा जेराल्ड वॉटरसन यांच्या रेखाटनांवरून संस्थापकांपैकी एक असलेल्या पीटर स्कॉट यांनी पांडाचे चिन्ह तयार केले. प्राणी देखणा आणि संकटात सापडलेला होता, शिवाय तो काळापांढरा असल्याने छपाईचा खर्च वाचणार होता. निधी कमी असलेल्या संस्थेसाठी हा विचार आजही तितकाच मोलाचा आहे. म्हणून चिन्ह केवळ काळ्या रंगात, एक सेंटिमीटर रुंदीत छापून पाहावे. ते तेवढ्यातही ओळखू येत नसेल, तर त्यातल्या रेषा कमी कराव्यात.

चिन्हाचा अर्थ किती सैल होऊ शकतो, हे पुनर्वापराच्या तीन बाणांच्या खुणेवरून कळते. कागदी खोकी बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने १९७० मध्ये घेतलेल्या स्पर्धेत गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने ती काढली. पुढे १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगाने प्लास्टिकचा प्रकार सांगणारे आकडे तशाच बाणांच्या त्रिकोणात टाकायला सुरुवात केली, आणि असा आकडा असलेली प्रत्येक वस्तू पुनर्वापरात जाते असा समज पसरला. २०१३ मध्ये संबंधित मानकात बाणांच्या जागी साधा त्रिकोण आला, पण समज मागे राहिलाच. त्यामुळे पर्यावरण संस्थेच्या साहित्यावर अशी खूण केवळ शोभेसाठी कधीही टाकू नये.

आकडे दाखवताना

या कामात सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण संस्थेची विश्वासार्हता इथेच टिकते किंवा जाते. एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये तापमानवाढीचे रंगपट्टे लोकांसमोर आणले. त्यात प्रत्येक उभा पट्टा एका वर्षाचा असतो, सरासरीपेक्षा थंड वर्षे निळी आणि उष्ण वर्षे लाल दिसतात, आणि चित्रावर एकही आकडा नसतो. ‘तापमान कोणत्या दिशेने चालले आहे?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर ते देते, म्हणून ते लहान मुलालाही कळते. मात्र किती अंशांनी वाढ झाली, हे त्यातून समजत नाही. धोरण ठरवणाऱ्यांपुढे जाताना आकडे आणि अक्ष असलेला आलेखच न्यावा.

स्तंभालेखाची सुरुवात शून्यापासून करावी, नाहीतर किरकोळ फरकही प्रचंड भासतो. वर्तुळांच्या आकाराने तुलना करताना अधिक सावध राहावे लागते: दुप्पट कचरा दाखवण्यासाठी वर्तुळाचा व्यास दुप्पट केला, तर क्षेत्रफळ चौपट होते आणि वाचकाची फसवणूक होते, मग हेतू कितीही चांगला असो. विरोधी बाजूला अशी एक चूक सापडली, तरी संस्थेचे बाकीचे खरे आकडेही संशयाच्या भोवऱ्यात येतात. प्रत्येक आलेखाखाली माहितीचा स्रोत आणि कालावधी लिहावा.

रंगांविषयी एक गोष्ट विशेषतः पर्यावरणाच्या कामात खटकते. ‘चांगले’ हिरव्यात आणि ‘वाईट’ लाल रंगात दाखवण्याची सवय आपल्याला आहे, पण लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, मोठ्या संख्येने आहेत. निळा आणि नारिंगी ही जोडी बहुतेकांना वेगळी दिसते. पडद्यावर वाचायच्या लहान अक्षरांच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातल्या तफावतीचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे वेब-सुगम्यतेचे, म्हणजे संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे, निकष सांगतात. फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरे या कसोटीला उतरत नाहीत.

छायाचित्रे

संस्थेच्या कार्यक्षेत्रातलीच, तारीख माहीत असलेली छायाचित्रे वापरावीत. संगणकाने निर्माण केलेले जळते जंगल पुराव्याच्या जागी लावणे मला अक्षम्य वाटते. केवळ विध्वंसाची चित्रे दाखवली तर पाहणारा हतबल होऊन पान उलटतो, म्हणून तुटलेल्या किनाऱ्याशेजारी तिथे रोपे लावणारी माणसेही दिसावीत, अर्थात त्या माणसांची संमती घेऊन. दुर्मीळ प्राण्याचे किंवा पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यात साठलेली जीपीएसची माहिती अवश्य काढून टाकावी आणि जागा ओळखू येईल अशी पार्श्वभूमी कापावी, कारण शिकारी आणि तस्करही ही छायाचित्रे पाहतात.

छपाई

आधी छपाई खरोखर हवी आहे का, हे विचारावे. हवी असल्यास पत्रकाचा आकार मुद्रकाकडच्या कागदाच्या मापावरून ठरवावा, म्हणजे कात्रण कमी निघते. पानभर गडद रंग टाळावा आणि प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नये, कारण त्यामुळे कागदाचा पुनर्वापर अवघड होतो. कापडी फलकावर तारीख व वर्ष न छापता ती जागा बदलत्या पट्टीसाठी मोकळी ठेवली, तर तोच फलक अनेक कार्यक्रमांना चालतो.

काम सोपवताना

बहुतेक संस्थांत पुढचे पत्रक डिझायनर नव्हे, तर एखादा स्वयंसेवक घाईत तयार करणार असतो. त्यामुळे केवळ पीडीएफ देऊन थांबू नये. संपादन करता येतील अशा मूळ फाइल, बोधचिन्हाची व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी रेषा स्पष्ट राहणारी) आवृत्ती, मुक्त परवान्याचे युनिकोड फॉन्ट आणि रंग व अंतरे सांगणारे एक पान द्यावे. मात्रा आणि उकार वर-खाली जाणाऱ्या लिप्यांसाठी ओळींमधले अंतर थोडे सैल ठेवून साचे बनवावेत. काही महिन्यांनी संस्थेने प्रत्यक्ष काय छापले ते मागवून पाहावे. ज्या साच्यात स्वयंसेवकांना अक्षरे बारीक करून मजकूर कोंबावा लागला असेल, तो साचा बदलून द्यावा.