ड्रुपलमध्ये स्वतःची सर्व्हिस लिहिताना डिपेंडन्सी इंजेक्शनच्या या चुका टाळा

ड्रुपल ही वेबसाइट बांधायची पीएचपीतली प्रणाली. त्यात सर्व्हिस म्हणजे ठराविक काम करणारी, नावाने मागता येणारी वस्तू, आणि तिला लागणाऱ्या इतर वस्तू बाहेरून देणं म्हणजे डिपेंडन्सी इंजेक्शन. क्लास बरोबर, मॉड्यूल चालू, तरी 'नॉन-एक्झिस्टंट सर्व्हिस' अशी एरर येते. अशा वेळी क्लास उकरत बसू नका, आधी सर्व्हिसेसची नोंद असलेल्या वायएमएल फाइलचं नाव बघा: मॉड्यूलचं मशीन नेम (कोडमधलं नाव), डॉट, सर्व्हिसेस, डॉट, वायएमएल. सर्व्हिस एकवचनी लिहिलं किंवा एक्स्टेन्शन 'वायएएमएल' असं चार अक्षरी पडलं, तर ड्रुपल ती फाइल वाचतच नाही आणि तक्रारही करत नाही. नाव ठीक असेल तर कॅशे बघा. बांधलेला कंटेनर (सर्व्हिसेस तयार करून देणारी यंत्रणा) कॅशेत ठेवला जातो, त्यामुळे वायएमएलमधला बदल 'ड्रश सीआर' (कॅशे नव्याने बांधणारी कमांड) चालवेपर्यंत लागू होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती वायएमएलमधली आर्ग्युमेंट्सची यादी, म्हणजे कन्स्ट्रक्टरला (वस्तू तयार होताना चालणाऱ्या मेथडला) काय काय द्यायचं ते. ऑटोवायरिंग (टाइप बघून आपोआप जोडणी) नसेल तर कंटेनर नावं किंवा टाइप जुळवत नाही; यादीतल्या क्रमानेच एकेक वस्तू कन्स्ट्रक्टरला देतो. कन्स्ट्रक्टरमध्ये मधेच नवा पॅरामीटर घातला आणि वायएमएलमध्ये तो शेवटी लिहिला, की टाइप एरर ठरलेली. एररमधला 'आर्ग्युमेंट #2' म्हणजे दुसरा. मोजणी 1 पासून होते. त्यातच 'स्ट्रिंग गिव्हन' दिसलं, तर बहुतेक सर्व्हिसच्या नावाआधीचं @ राहिलंय: ते नसेल तर कंटेनर नुसता मजकूर पाठवतो. @ आहे पण अवतरण चिन्हं नाहीत, तर फाइल पार्सच होत नाही.

कन्स्ट्रक्टरमध्ये आलेली वस्तू प्रॉपर्टीत ठेवायची, बस. तिथेच करंट युजरचा आयडी काढून ठेवला, तर ऑथेंटिकेशनच्या आधी सर्व्हिस तयार झाल्यावर 0, म्हणजे अनामिक युजरचा आयडी हाती लागतो. हा बग ओंगळ, कारण एरर काहीच येत नाही. लॉगइन केलेल्या माणसाला परवानगी मात्र नाकारली जाते. आयडी मेथडमध्ये, लागेल तेव्हा विचारा. रिक्वेस्टचंही तेच: रिक्वेस्ट स्टॅक (चालू रिक्वेस्ट सांगणारी सर्व्हिस) इंजेक्ट करा आणि चालू रिक्वेस्ट मेथडमध्ये मागा.

फॉर्ममध्ये वेगळीच गंमत होते. पान नीट उघडतं, एजॅक्सचं (पूर्ण पान पुन्हा न उघडता चालणारं) बटण दाबलं की 'प्रॉपर्टी इनिशियलायझेशनच्या आधी वापरली' अशी एरर. फॉर्म सीरियलाइझ होताना (साठवण्यासाठी मजकुरात बदलताना) सर्व्हिसेसचे फक्त आयडी जपून ठेवणारा ट्रेट (क्लासमध्ये मिसळलेला तयार कोड) मूळ फॉर्म क्लासमध्ये असतो, आणि तुमच्या क्लासमधल्या प्रायव्हेट प्रॉपर्टी त्याला दिसत नाहीत. म्हणून प्रॉपर्टी प्रोटेक्टेड करा.

दोन सर्व्हिस एकमेकींना मागत असतील तर 'सर्क्युलर रेफरन्स' येतो. दोघींना लागणारा कोड तिसऱ्या सर्व्हिसमध्ये काढा.

आणि आळसाची चूक: कन्स्ट्रक्टर वाढतोय म्हणून मेथडमध्ये थेट ग्लोबल ड्रुपल क्लासकडून सर्व्हिस उचलणं. साइटवर ते चालतं, पण युनिट टेस्टमध्ये 'कंटेनर इनिशियलाइझ झालेला नाही' म्हणत कोसळतं. जुन्या पद्धतीने फंक्शन म्हणून लिहिलेल्या हुकमध्ये (ड्रुपल ठराविक क्षणी चालवतं तो कोड) हा मार्ग चालेल, कारण तिथे कन्स्ट्रक्टरच नसतो. स्वतःच्या क्लासमध्ये नको. कन्स्ट्रक्टर सात-आठ वस्तू मागू लागला असेल, तर ती सर्व्हिस दोन-तीन कामं करतेय. तिचे भाग पाडा.