जुन्या ऑल-इन-वनचा मॉनिटर करताय? या चुका टाळा

आठ-दहा वर्षं जुना ऑल-इन-वन (स्क्रीनमध्येच बसवलेला संगणक) रडतखडत चालतो, पण त्याची स्क्रीन बऱ्याचदा ठणठणीत असते. ती भंगारात जाणं खरंच वाईट, कारण तिचा उत्तम मॉनिटर होऊ शकतो. काम फसतं ते बहुतेक एकाच कारणाने: लोक आधी बोर्ड (बाहेरचं चित्र स्क्रीनला पुरवणारं कंट्रोलर बोर्ड) मागवतात, आणि आत पॅनेल (चित्र दाखवणारा स्क्रीनचा भाग) कोणतं आहे हे मशीन उघडल्यावर पाहतात.

एचडीएमआय पोर्ट दिसलं की केबल जोडणं

बहुतेक ऑल-इन-वनवरचं एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं. तिथे लॅपटॉप जोडला की काहीच होत नाही आणि माणूस केबलला दोष देत बसतो. पोर्टशेजारी ‘इन’ लिहिलंय का ते बघा. असेल तर मशीन उघडायची गरजच नाही; इनपुट बदलायचं बटण शोधा.

ॲपलच्या आयमॅकचं प्रकरण वेगळं. २००९ च्या अखेरचे आणि २०१० चे २७ इंची आयमॅक मिनी डिस्प्लेपोर्टवरून चित्र घेतात. २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंतच्या मॉडेलना थंडरबोल्टच लागतं. दोन्ही पोर्टांचा आकार सारखाच, त्यामुळे साधी डिस्प्लेपोर्ट केबल बसते, पण चित्र येत नाही. आयमॅकवर हाय सिएरा किंवा त्याआधीची मॅकओएस प्रणाली हवी. जोडायचा मॅक २०१९ पर्यंतचा आणि कॅटालिना किंवा त्याआधीच्या प्रणालीवर हवा. मग आयमॅकच्या कीबोर्डवर कमांड आणि एफ२ दाबा. २०१४ च्या अखेरीस आलेल्या ५के आयमॅकपासून ही सोयच नाही.

मशीनच्या मॉडेल नंबरवरून बोर्ड घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी पॅनेल वापरतात. मशीन उघडा, पॅनेलच्या पाठीवरचं स्टिकर शोधा आणि पूर्ण नंबर लिहून घ्या. ‘एलएम२१५डब्ल्यूएफ३’ एवढ्यावर थांबू नका. पुढची ‘एसएलए१’सारखी अक्षरंही हवीत, कारण कनेक्टर आणि जोडणी त्यांवर ठरते. मग त्या नंबराची डेटाशीट (कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक) मिळवून चार गोष्टी बघा: जोडणी एलव्हीडीएस की ईडीपी (पॅनेलला चित्र पोहोचवण्याच्या दोन पद्धती), चॅनेल (सिग्नलच्या तारांचे संच) किती, पॅनेलला व्होल्टेज किती, आणि बॅकलाइटच्या (पॅनेलमागच्या दिव्यांच्या) किती स्ट्रिंग (एलईडींच्या माळा), प्रत्येकीला किती मिलीअँपिअर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानात जाणार असाल तर स्टिकरचा आणि कनेक्टरचा जवळून काढलेला फोटो सोबत न्या. विक्रेत्याकडून त्याच पॅनेलचं फर्मवेअर (बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बोर्डात भरून घ्या.

घाईने उघडणं

आत पॉवर सप्लाय असेल, तर २३० व्होल्टचा वीजपुरवठा काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट डीसी राहू शकतात. प्लग काढून पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, थोडा वेळ थांबा, आणि तरीही सप्लायच्या उघड्या भागाला हात लावू नका. पॅनेल जाड, मऊ चादरीवर पालथं ठेवा. त्याच्या कडेला काचेपासून छोट्या पट्टीवर जाणाऱ्या पातळ, लवचिक फिती दिसतील. त्यांतली एक दुमडली तरी स्क्रीनवर कायमची उभी रेघ येऊ शकते, आणि ती घरी दुरुस्त होत नाही.

व्होल्टेजचा जंपर आणि उलटी केबल

युनिव्हर्सल बोर्डावर पॅनेलच्या व्होल्टेजसाठी ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे पर्याय असतात; जंपर म्हणजे छोटी टोपी पिनांवर बसवून त्यांतला एक निवडायचा. पाच व्होल्टच्या पॅनेलला बारा दिले की खेळ खलास. म्हणून पॅनेल न जोडता बोर्ड चालू करा आणि एलव्हीडीएस सॉकेटवर मल्टिमीटरने मोजा. एम.एनटी६८६७६ प्रकारच्या बोर्डावर पहिल्या तीन पिनांवर पॅनेलचा पुरवठा आणि पुढच्या तीन पिनांवर ग्राउंड असतो. पंधरा-पंधरा पिनांच्या दोन ओळींत केबल उलटीही बसते, आणि मग पुरवठा थेट सिग्नलच्या तारांवर जातो. केबलमधल्या लाल तारा पिन १ च्या बाजूलाच हव्यात. आकडा बरोबर आला, की वीज बंद करून मगच पॅनेल जोडा.

दुसरी फसगत ॲडॉप्टरची. ऑल-इन-वनचा जुना ॲडॉप्टर बहुधा १९ व्होल्टचा असतो, बोर्ड १२ व्होल्टचं. पिन बसली म्हणून तो वापरू नका. साडेएकवीस इंची एलईडी पॅनेलला १२ व्होल्ट, ४ अँपिअर पुरतात. दोन अँपिअरच्या ॲडॉप्टरवर ब्राइटनेस वाढवताच स्क्रीन लुकलुकते किंवा बोर्ड पुन्हापुन्हा सुरू होतं.

बॅकलाइट विसरणं

बॅकलाइटचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा भाग) कित्येकदा जुन्या मदरबोर्डावरच असतो. मदरबोर्ड काढला की तोही गेला, म्हणून वेगळं एलईडी ड्रायव्हर बोर्ड लागतं. त्याचा प्रवाह डेटाशीटपेक्षा जास्त ठेवला तर सुरुवातीला स्क्रीन लखलखीत दिसते, मग एलईडी तापून जातात. आधी कमी प्रवाहावर सुरू करा. जुन्या सीसीएफएल ट्यूबच्या (एलईडीऐवजी बारीक ट्यूबलाइट असलेल्या) पॅनेलला इन्व्हर्टर (ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारं छोटं बोर्ड) लागतो. त्याच्या आउटपुटवर शेकडो व्होल्ट असतात, चालू असताना बोट लांब ठेवा.

चित्र बिघडलं तर

स्क्रीन काळी असेल तर टॉर्च तिरका धरून बघा. पुसट मेनू दिसला तर पॅनेल चांगलं आहे, बॅकलाइट पेटलेला नाही. ड्रायव्हरचा पुरवठा आणि ‘ऑन’ची तार तपासा. एक सेकंद उजळून विझत असेल तर स्ट्रिंग जोडली गेलेली नाही किंवा प्रवाह जुळत नाही, म्हणून ड्रायव्हर स्वतःला वाचवतोय. उजेड आहे पण नुसती पांढरी स्क्रीन, तर केबल नीट बसलेली नाही किंवा पॅनेलला पुरवठा नाही. चित्र फाटलेलं किंवा दुहेरी दिसलं तर चॅनेलची संख्या चुकली. फुल एचडी एलव्हीडीएस पॅनेलला दोन चॅनेल लागतात. चित्रातल्या चेहऱ्यांवर नकाशातल्या डोंगररेषांसारखे रंगाचे पट्टे आले तर फर्मवेअरमधली बिटची मांडणी चुकलीय. तिथे मेनूतला रंग बदलत बसून काही हाती लागत नाही, फर्मवेअरच बदला.

५के आयमॅकला हे साधं बोर्ड चालत नाही. ५१२० × २८८० ला ६० हर्ट्झवर सुमारे २२ गिगाबिट प्रतिसेकंद लागतात, एचडीएमआय २.० मधून तेवढं जात नाही. त्याच पॅनेलसाठीचं बोर्ड आणि डिस्प्लेपोर्ट १.४ हवं.

शेवटी जोडणी. बोर्ड पॅनेलच्या पत्र्यावर थेट टेकवू नका. पितळी स्टँडऑफवर (बोर्ड वर उचलून धरणाऱ्या छोट्या खुंट्यांवर) बसवा आणि खाली कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी वीजरोधक टेप) लावा. मागचं झाकण बंद करण्याआधी पूर्ण ब्राइटनेसवर दोन तास चालवा आणि मधूनमधून ड्रायव्हर बोर्ड किती तापतंय ते बघा. हात टेकवता येणार नाही इतकं गरम होत असेल तर प्रवाह कमी करा, किंवा ते झाकणाच्या जाळीजवळ हलवा.