रूट आखलात? आता मोठा करून बघा

बोटीच्या इलेक्ट्रॉनिक चार्टवर, म्हणजे पडद्यावरच्या सागरी नकाशावर, रूट आखून झाला की झूम वाढवा आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नीट बघा. लांबून बघताना व्हेक्टर चार्ट (झूमप्रमाणे कमी-जास्त तपशील दाखवणारा डिजिटल नकाशा) बारीकसारीक तपशील गाळतो; पडद्यावर साधं निळं पाणी दिसतं, वाटेत मात्र खडक असतो. 29 नोव्हेंबर 2014 ला व्होल्वो ओशन रेसमधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या प्रवाळावर चढली, ती मुख्यतः अशाच चुकीमुळे. तेही कसलेले खलाशी असताना! एक्डिसवर (जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक चार्टच्या यंत्रणेवर) ‘ओव्हरस्केल’ची, म्हणजे चार्ट मूळ प्रमाणापेक्षा मोठा झाल्याची, सूचना आली की मात्र झूम वाढवणं थांबवा. त्यापुढे चित्र तेवढं फुगतं, खोलीची मोजणी काही जास्त अचूक होत नाही.