इंग्रजी शब्दाला यमक शोधताना: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

पुण्यात इंग्रजी गाणी लिहून देण्याचं काम हल्ली बऱ्यापैकी मिळतं. लहान मुलांच्या ॲनिमेशनमधली बालगीतं, शाळेच्या गॅदरिंगचं स्वागतगीत, एखाद्या गृहप्रकल्पाची जिंगल, फिरोदिया करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेतल्या टीमला ऐनवेळी हवा असलेला रॅपचा तुकडा. लिहिणाऱ्यांत मराठी माध्यमातले बरेच असतात, मीही त्यातलीच. नवीन मुलं विचारतात, ‘यमकं कुठून आणता?’ त्यांना वाटतं, माझ्याकडे एखादी गुप्त वेबसाइट आहे. वेबसाइट आहे, पण ती सगळ्यांनाच उघडी आहे. ती उघडण्याआधी कान तयार करावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा तक्ता आपल्याला पहिलीच्या वर्गातच मिळालेला असतो.

आधी पूर्ण यमक. मराठीत आपण शब्दाची शेवटची अक्षरं जुळली की खूश होतो. इंग्रजीत तेवढ्यावर भागत नाही, कारण तिथे शब्दातल्या एका अक्षरावर (म्हणजे सिलेबलवर) जोर पडतो आणि यमक त्या जोरापासून सुरू होतं. जोर असलेल्या स्वरापासून शेवटपर्यंत सगळं सारखं हवं, आणि त्या स्वराच्या लगेच आधीचं व्यंजन मात्र वेगळं हवं. ‘बटर’ आणि ‘वॉटर’ आपल्या कानाला जुळल्यासारखे वाटतात, कारण ‘टर’ सारखा आहे. पण जोर पहिल्या अक्षरावर आहे आणि तिथले स्वर वेगळे आहेत. ‘बटर’ला ‘गटर’, ‘शटर’, ‘फ्लटर’ चालतात; ‘वॉटर’ला ‘डॉटर’. गॅदरिंगच्या गाण्यांत ‘सिंगिंग’ला ‘डान्सिंग’ हमखास जुळवलेलं सापडतं. तिथे फक्त ‘इंग’ जुळतो, त्याला इंग्रजी वाचक यमक म्हणत नाही. ‘सिंगिंग’ला ‘रिंगिंग’ किंवा ‘ब्रिंगिंग’ हवं.

जोर कुठे आहे हे ठरवल्याशिवाय शोधायला बसूच नका. एकच शब्द नाम असताना एक यमक मागतो आणि क्रियापद असताना दुसरंच. ‘रेकॉर्ड’ क्रियापद असेल तर जोर दुसऱ्या अक्षरावर जातो आणि ‘बोर्ड’, ‘लॉर्ड’ हाताशी येतात. नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, आणि हे दोन्ही गेले.

आधीचं व्यंजन वेगळं हवं, ही अट नवीन मुलं हटकून विसरतात. ‘लीव्ह’ आणि ‘बिलीव्ह’ यांत जोराच्या आधीचा ‘ल’ दोन्हीकडे तोच आहे, म्हणून ते यमक न होता पुनरावृत्ती होते. ‘स्टँड’ आणि ‘अंडरस्टँड’चंही तेच. ‘लीव्ह’ला ‘ग्रीव्ह’ घ्या. गझल लिहिणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. अलामत (यमकाआधीचा कायम राहणारा स्वर) सांभाळून काफिया (यमकाचा शब्द) बदलायची सवय त्यांच्या कानाला असतेच.

स्पेलिंगवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. ‘फूड’, ‘गुड’ आणि ‘ब्लड’ या तिघांच्या शेवटी डबल ओ आणि डी आहे, पण तिघांचे स्वर तीन. १७७५ साली लंडनमध्ये जॉन वॉकर यांनी शब्द शेवटाकडून लावून इंग्रजीचा यमककोश केला, तोही स्पेलिंगच्या क्रमाने. त्यामुळे कोश हातात असूनही कान लागतोच. आपली सोय अशी की शब्द देवनागरीत लिहिला की फसवणूक उघडी पडते. ‘फूड’ला ‘मूड’, ‘रूड’. ‘गुड’ला ‘स्टुड’, ‘हुड’. ‘ब्लड’ला ‘मड’, ‘फ्लड’. मी अजूनही वहीत इंग्रजी शब्दाशेजारी देवनागरी रूप लिहिते.

त्यालाही मर्यादा आहेत. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात जेवढा उरलाय तेवढा बोलण्यात नाही, म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’ आपण कागदावर वेगळे लिहितो आणि तोंडाने एकच करतो. ‘बॅड’ आणि ‘बेड’चा गोंधळ आपल्याकडे घरोघरी आहे. सगळ्यात त्रासदायक ‘स’ आणि ‘झ’. सल्ला या अर्थाचं नाम ‘ॲडव्हाइस’, त्याला ‘आइस’ जुळतं. सल्ला देणे हे क्रियापद ‘ॲडव्हाइझ’, त्याला डोळे या अर्थाचं ‘आइझ’. मराठी तोंडात दोन्ही कडा पुसट होतात. शंका आली की केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि ते दोन उच्चार वेगळे निघाले तर? काम घेताना माझा पहिला प्रश्न पैशांचा नसतो (दुसरा असतो). पहिला प्रश्न: गाणार कोण आणि ऐकणार कोण? भाज्यांवरचं बालगीत लिहिताना ‘टोमॅटो’ला ‘पोटॅटो’ जुळवायचा मोह कुणालाही होतो. अमेरिकन तोंडात ते ‘टमेटो–पटेटो’ असं चोख यमक आहे. ब्रिटिश गायिकेने ‘टमाटो’ म्हटलं की गेलं. ‘डान्स’ आणि ‘रोमान्स’ अमेरिकेत जुळतात, लंडनमध्ये नाहीत. उलट ‘स्पा’ आणि ‘कार’ लंडनमध्ये जुळतात, कारण तिथे शेवटचा ‘र’ गिळतात. आपण आणि अमेरिकन तो म्हणतो. मुळाक्षरांच्या प्रसिद्ध गाण्यात शेवटचं अक्षर ‘झी’ असतं म्हणून पुढच्या ओळीतला ‘मी’ जुळतो. आपल्या शाळांत ‘झेड’ म्हणतात आणि यमक तिथल्या तिथे मोडतं. पिढ्यान्‌पिढ्या कुणी तक्रार केलेली नाही, हा भाग वेगळा.

आता जवळचं यमक, ज्याला इंग्रजीत ‘निअर राइम’ किंवा ‘स्लँट राइम’ म्हणतात. इथे मराठी माणूस मागे नाही, पुढे आहे. स्वर तोच ठेवायचा आणि शेवटचं व्यंजन त्याच्या नातेवाइकाने बदलायचं, एवढाच हा खेळ. नातेवाईक कोण, हे वर्णमालेच्या तक्त्यात लिहिलेलं आहे. आडव्या ओळीत एकाच जागी उच्चारली जाणारी व्यंजनं, उभ्या रकान्यात एकाच तऱ्हेने उच्चारली जाणारी. पहिल्या रकान्यात कठोर क, ट, प. तिसऱ्यात मृदू ग, ड, ब. पाचव्यात अनुनासिकं ङ, न, म. दुसरा आणि चौथा रकाना, म्हणजे महाप्राण, इंग्रजीसाठी सोडून द्या.

‘होप’ घेऊ. पूर्ण यमकं ‘रोप’, ‘सोप’, ‘स्लोप’, ‘स्कोप’; यादी लवकर संपते. मग रकान्यातून चालायला लागा. ‘प’च्या जागी ‘ट’: ‘बोट’, ‘नोट’, ‘फ्लोट’. ‘क’: ‘जोक’, ‘स्मोक’. त्यानंतर आडवं जाऊन ‘ब’: ‘ग्लोब’, ‘रोब’. माझ्या कानाला रकान्यातलं नातं ओळीतल्या नात्यापेक्षा जवळचं वाटतं, पण चालीवर बदलतं. ‘होम’ला पूर्ण यमकं ‘फोम’, ‘डोम’, ‘रोम’ अशी, त्यातली निम्मी भावनेच्या ओळीत हास्यास्पद. पाचव्या रकान्यात ‘न’कडे सरका की ‘फोन’, ‘अलोन’, ‘स्टोन’, ‘ओन’ मिळतात आणि गाणं लिहून होतं.

तक्ता ऊष्म्यांपाशी अपुरा पडतो. आपल्याकडे श, ष, स आहेत. इंग्रजीतला ओठ-दातांचा ‘फ’, त्याचा मृदू जोडीदार ‘व्ह’ आणि ‘स’चा जोडीदार ‘झ’ यांचा एक रकाना स्वतः आखून घ्यावा लागतो. तो वहीच्या मलपृष्ठावर आखाच, कारण ‘लव्ह’साठी लागतो. या शब्दाला कामाची पूर्ण यमकं ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’, ‘अबव्ह’, ‘शव्ह’ एवढीच. कबुतर आणि हातमोजा किती वेळा आणणार? ‘व्ह’चा ‘फ’ केला की ‘इनफ’, ‘टफ’, ‘रफ’ येतात. ‘लव्ह’ आणि ‘इनफ’ ही जोडी तर अर्थालाही हात देते.

बॉस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गीतलेखन शिकवणारे पॅट पॅटिसन या प्रकाराला ‘फॅमिली राइम’ म्हणतात. शेवटी व्यंजन वाढवणं किंवा गाळणं हेही ते शिकवतात, जसं ‘फ्री’ला ‘स्पीड’.

जवळचं यमक कुठे चालतं? गाण्यात स्वर लांबतो आणि शेवटचं व्यंजन जाता जाता म्हटलं जातं, म्हणून चालतं. छापील शुभेच्छापत्रावर उघडं पडतं. अगदी लहान मुलांच्या गाण्यात तर मी पूर्ण यमकच वापरते, कारण मूल पुढचा शब्द आधीच ओळखून ओरडतं, आणि तो आनंद ‘होम–फोन’मध्ये मिळत नाही.

आता वेबसाइट. रायमझोनवर शब्द टाकला की पूर्ण यमकं अक्षरसंख्येनुसार लावून येतात, आणि जवळच्या यमकांचा पर्याय वेगळा असतो. तिच्यामागची डेटाम्यूज ही सेवा प्रोग्रामरांना थेट वापरता येते. यमक आणि अर्थ या दोन्ही अटी एकत्र घालता येतात, जी मला तिची खरी ताकद वाटते. हिंजवडीत दिवसा कोड आणि रात्री रॅप लिहिणाऱ्यांसाठी पायथनमध्ये ॲलिसन पॅरिश यांची ‘प्रोनाउन्सिंग’ नावाची लायब्ररी आहे. ती कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या उच्चारकोशावर चालते. त्यात १ लाख ३४ हजारांहून जास्त शब्द आहेत आणि प्रत्येक स्वरावर जोराचा आकडा: १ मुख्य, २ दुय्यम, ० नाही. उच्चार उत्तर अमेरिकेतले, हे लक्षात ठेवा. यादी मिळाली की सगळे शब्द मोठ्याने वाचा आणि ज्याचा अर्थ शोधावा लागतो तो खोडा.

काही शब्दांना नेहमीच्या वापरातलं पूर्ण यमकच नाही: ‘ऑरेंज’, ‘मंथ’, ‘सिल्व्हर’, ‘पर्पल’. ‘सिल्व्हर’ला ‘चिल्व्हर’ आहे म्हणे, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू. कोणत्या जिंगलमध्ये घालणार? ‘ऑरेंज’वर रॅपर एमिनेमने २०१० च्या एका टीव्ही मुलाखतीत उत्तर दिलं होतं: शब्द तोडून, वाकवून म्हणा, मग ‘डोअर हिंज’, ‘स्टोरेज’, ‘पॉरिज’ सगळे रांगेत येतात. दोन शब्द मिळून एकाला जुळवायची ही युक्ती साध्या शब्दांनाही लागू पडते, जसं ‘पोएट’ला ‘नो इट’.

रॅप नसेल तर सोपा मार्ग वेगळा: असा शब्द ओळीच्या शेवटी ठेवूच नका. ‘मंथ’ मध्ये ढकला आणि शेवटी महिन्याचं नाव येऊ द्या. ‘जून’ला ‘सून’, ‘मून’ आहेत आणि ‘मॉन्सून’ही, कारण त्याचा जोर शेवटच्या अक्षरावर आहे. बिल्डरांना ओळीच्या शेवटी ‘पुणे’ हवंच असतं. त्याला इंग्रजीत त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे ‘लूनी’, आणि वेडगळ या अर्थाचा शब्द फ्लॅट विकायला कुणी घेत नाही. मी ‘पुणे’ ओळीच्या सुरुवातीला नेते आणि शेवटी ‘सिटी’ ठेवते. ‘प्रिटी’ आणि ‘विटी’ तयारच असतात.