चेनिन ब्लांक घेताना आधी गाव बघा

चेनिन ब्लांकच्या एकाच द्राक्षापासून एकदम ड्राय (म्हणजे गोडी नसलेली), अर्धगोड, पार मधाळ आणि फसफसणारी अशी सगळ्या प्रकारची वाइन बनते, त्यामुळे दुकानात नुसतं द्राक्षाचं नाव सांगून बाटली घेतलीत की घरी काय निघेल याचा नेम नाही.

मूळ गाव फ्रान्समधलं लुआर नदीचं खोरं. तिथल्या बाटलीवर बहुतेकदा द्राक्षाचं नाव नसतंच, वूव्रे किंवा साव्हेनिएर असं जागेचं नाव असतं. वूव्रे घेत असाल तर लेबलवर 'सेक' शोधा, ती ड्राय, 'दमी-सेक' अर्धगोड आणि 'म्वालो' म्हणजे चांगलीच गोड. काहीच लिहिलं नसेल तर सरळ दुकानदाराला विचारा, लाजू नका. साव्हेनिएर बहुतेक ड्रायच असते.

आज जगात सगळ्यात जास्त चेनिन साउथ आफ्रिकेत आहे. तिथे तिला पिढ्यान् पिढ्या 'स्टीन' म्हणायचे, हे चेनिनच आहे हे कळलं १९६० च्या दशकात! तिथल्या स्वार्टलँड, स्टेलेनबॉश भागातल्या जुन्या वेलींची बाटली मिळाली तर सोडू नका.

आता आपलं नाशिक. युरोपात वेल थंडीत झोपतो, इथे झोपत नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या काड्या यायला) आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरायला), मग तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. चेनिनचा घड गच्च, साल पातळ, त्यामुळे अवकाळी आला की घडाच्या आत कुज सुरू होते आणि बाहेरून पत्ताही लागत नाही, बागायतदाराला घड उलटून बघावा लागतो. ही द्राक्षं का लावतात मग? कारण चेनिनचा आंबटपणा मूळचाच भरपूर, आपल्या उन्हातही बऱ्यापैकी टिकतो. नाशिकची साधी चेनिन मात्र ठेवायची नसते, लेबलवरचं साल बघून सगळ्यात ताजी उचला.

फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा, बर्फ टाकू नका (पाहुण्यांनी टाकला तर गप्प बसा). तळलेली सुरमई किंवा कोथिंबीर वडी असेल तर ड्राय. मिसळ, ठेचा असलं काही असेल तर अर्धगोडच काढा, ड्रायने तिखट अजून झोंबतं. उरली तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चालते, त्यानंतर तिसऱ्या (शिंपले) शिजवताना ओता.